मशेरीला पाकीट नसतं

नमस्कार श्रोतेहो.

मी एका सेवाभावी आरोग्य संस्थेत कर्करोग टाळण्याच्या धोरणांवरचं संशोधन सांभाळते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधोपचारांबद्दल आज बोलणार नाही. कर्करोग मुळात होऊच नये म्हणून सरकारनं कोणते नियम करावेत, केलेले नियम गावागावात चालतात का, चालत नसतील तर नेमके कुठे अडतात, हे शोधायचं आणि ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांच्यापुढे मांडायचं, हे आमचं काम. महाराष्ट्रात हे काम करायचं म्हटलं की पहिला विषय तंबाखूचाच निघतो.

2016-17 साली देशभर प्रौढांचं तंबाखू सर्वेक्षण झालं. त्यात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरताना आढळले. बिडी-सिगारेट ओढणारे होते 3.8 टक्के. खाणारे, चघळणारे, दाताला लावणारे 24.4 टक्के. काहीजण दोन्ही करतात, म्हणून बेरीज थोडी जास्त भरते. आपल्याकडची तंबाखू ओढली जाते त्याहून कितीतरी जास्त चघळली जाते, हे लक्षात घेतल्याशिवाय इथे एकही धोरण नीट आखता येत नाही.

गुटख्याचंच घ्या. त्यात तंबाखू असते आणि सुपारीही असते. नुसत्या सुपारीनंही माणसाला कर्करोग होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 साली प्रसिद्ध केला. सुपारी सतत चघळणाऱ्याच्या गालाची आतली कातडी हळूहळू कडक होते, पांढरट पडते, आणि तोंड उघडेनासं होतं. घरी करून बघण्यासारखी एक साधी तपासणी आहे. आपली तीन बोटं एकमेकांना चिकटवून उभी धरा आणि वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये घालून पाहा. जात नसतील, तिखट खाल्लं की तोंडाची आग होत असेल, तर दंतवैद्याकडे जायला उद्याची वाट पाहू नका. आमची सर्वेक्षण करणारी मुलं-मुली गावात जातात तेव्हा पंचवीस-तिशीतले तरुण भेटतात, दोन बोटांवर अडलेले. त्यांना भाकरी नीट तोडून खाता येत नाही, वरणात कुस्करून खावी लागते. आमच्या तक्त्यात तो तरुण म्हणजे एक आकडा असतो. पण टीममधल्या प्रत्येकानं असं एक तरी तोंड जवळून पाहिलेलं असावं, असा माझा आग्रह असतो.

आता कायद्याकडे येते. महाराष्ट्रानं गुटख्यावर पहिली बंदी 2002 मध्येच घातली होती, पाच वर्षांसाठी. ऑगस्ट 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. गुटखा निरुपद्रवी आहे असं कोर्टानं म्हटलेलं नव्हतं. ज्या कलमाखाली बंदी काढली, त्या कलमानं राज्याच्या अधिकाऱ्याला एवढा लांब पल्ल्याचा निर्णय घेण्याचा अधिकार मिळत नाही, असा तो मुद्दा होता. पुरावा भक्कम होता, पण आदेश चुकीच्या खुंटीला टांगलेला होता. पुढे 2006 चा अन्न सुरक्षा कायदा आला, आणि त्याखाली 2011 मध्ये नियम झाला की कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालता येणार नाही. गुटखा हा खाद्यपदार्थच. या नियमाचा आधार घेऊन मध्य प्रदेशानं एप्रिल 2012 पासून आणि महाराष्ट्रानं त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बंदी आणली. महाराष्ट्राच्या बंदीत पानमसालाही होता. मुंबई उच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली नाही. हा आदेश एका वर्षाचा असतो, दर वर्षी नव्यानं काढावा लागतो. म्हणून आमच्यासारख्या संस्थांनाही दर वर्षी कागद तयार ठेवावे लागतात.

बंदीनंतर बाजारानं काय केलं? एकाच पुडीतला माल दोन पुड्यांत विभागला. एकीत तंबाखू नसलेला पानमसाला, दुसरीत सुगंधी तंबाखू. टपरीवाला दोन्ही एकत्र हातात ठेवतो, गिऱ्हाईक दोन्हीचे कोपरे दातानं फाडतं, एकीत दुसरी ओततं, अंगठ्यानं दाबून दोनदा हलवतं आणि तोंडात टाकतं. जेमतेम काही सेकंदांचं काम. शेजारच्या राज्यातून चोरून येणारा माल वेगळाच. अन्न व औषध प्रशासन धाडी टाकतं, पोती जप्त होतात, पण टपऱ्या किती आणि निरीक्षक किती, याचा हिशेब कुणीही करावा.

मग बंदीचा उपयोग झाला का? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. 2009-10 च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातलं तंबाखूचं प्रमाण 31.4 टक्के होतं, ते पुढच्या सर्वेक्षणात 26.6 वर आलं. भाषणात टाळ्या मिळवायला हा आकडा फार सोयीचा आहे. पण त्याच काळात पाकिटांवरची सचित्र सूचना मोठी झाली, किमती वाढल्या, शाळाशाळांत मोहिमा झाल्या. ही सगळी घट एकट्या बंदीमुळे झाली असं आम्ही कुठेही लिहीत नाही. मंत्रालयात एकदा का कुणी आपला आकडा खोडून काढला की त्यानंतरचे दहा खरे आकडेही कुणी ऐकून घेत नाही. सहकाऱ्यांनी लिहिलेलं वाक्य मी कितीदा तरी मऊ करून परत देते. तरुण मुलांना ते आवडत नाही, आणि मला त्यांचा तो उत्साह मनापासून हवाही असतो.

प्रत्यक्ष काम बरंचसं मोजण्याचं असतं. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत, तंबाखू विकता येत नाही. हे अंतर शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत धरायचं असतं. दुकानदार मात्र रस्त्यानं वळसा घालून येणारं अंतर सांगतो. आमची माणसं नकाशा आणि टेप घेऊन उभी राहतात, मुख्याध्यापकांना विचारतात, टपरीचं तोंड कुणीकडे आहे तेही टिपून ठेवतात. गोळ्या-चॉकलेटच्या बरण्यांच्या अगदी शेजारी, लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर पुड्यांच्या माळा लटकत असतील, तर तीही नोंद होते. अशा नोंदी हातात असल्या की जिल्हाधिकारी कार्यालयातली बैठक वेगळी होते.

या कामाला पैसे मिळवणं अवघड आहे, हेही सांगायला हवं. एखाद्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेसाठी देणगी मागितली तर माणसं लगेच हात पुढे करतात, आणि करावाच. टपऱ्यांच्या सर्वेक्षणासाठी मागितली तर विचारतात, यातून बरं कोण होणार? माझं उत्तर असं की, तंबाखूमुळे होणाऱ्या आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा देशावरचा भार 2017-18 या एका वर्षात 1 लाख 77 हजार कोटी रुपयांहून अधिक होता. तो भार शेवटी घराघरांतूनच जातो, कुठे जमीन विकून, कुठे मुलीचं शिक्षण थांबवून. आणि एक नियम आम्ही कडक पाळतो. तंबाखू उद्योगाचा, किंवा त्याच्या नावानं फिरणाऱ्या कुठल्याही प्रतिष्ठानाचा, एक रुपयाही घ्यायचा नाही. भारतानं 2004 मध्ये मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय तंबाखू नियंत्रण करारातही आरोग्य धोरण या उद्योगाच्या हितसंबंधांपासून दूर ठेवा, असं स्पष्ट म्हटलं आहे.

आता ज्या विषयासाठी मी आज खास वेळ मागून घेतला, त्याकडे येते. मशेरी. काही भागांत मिश्री म्हणतात. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि ती पूड बोटानं दातांवर, हिरड्यांवर घासायची. भाजताना घरभर ठसका लागतो, लहान मुलं खोकत बाहेर पळतात. सकाळी एकदा, दुपारी काम आटोपल्यावर एकदा, रात्री झोपण्याआधी एकदा. ही सवय मुख्यतः आपल्या बायकांची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतवैद्यांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांमध्ये घरोघर फिरून 1 लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडं तपासली होती. तो अहवाल 1972 सालचा. तेव्हापासून मशेरी संशोधनाच्या कागदांवर आहे. धोरणात ती जवळजवळ कुठेच नाही.

कारण आपला सगळा तंबाखू कायदा पाकिटावर उभा आहे. सचित्र सूचना पाकिटावर, कर पाकिटावर, जाहिरातबंदी पाकिटाच्या ब्रँडवर. जी वस्तू बाई स्वतःच्या चुलीवर तयार करते, तिच्यावर सडलेल्या जबड्याचा फोटो कुठे छापणार? तिच्यापर्यंत पोचणारी व्यवस्था एकच आहे, आणि ती म्हणजे आशाताई.

तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई भरतात. रक्तदाब, मधुमेह आणि कर्करोगाच्या तपासणीला कुणाला आधी पाठवायचं, हे त्यावरून ठरतं. त्याच्या मूळ राष्ट्रीय नमुन्यात तंबाखूच्या प्रश्नाला उदाहरणं आहेत गुटखा आणि खैनीची. आपल्याकडची पन्नाशीतली बाई या प्रश्नाला नाही म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. तिच्या लेखी ती फक्त दात घासते. त्या 'नाही'मुळे तिचा धोक्याचा गुण कमी लागतो आणि ती तपासणीच्या रांगेत मागे राहते. म्हणून महाराष्ट्रात हा प्रश्न विचारताना मशेरीचं नाव घेऊन विचारावं, फॉर्मवर ते छापावं आणि आशांच्या प्रशिक्षणात ते यावं, एवढी आमची मागणी आहे. याला नवा कायदा लागत नाही, मोठा निधी लागत नाही.

ती मान्य होईपर्यंत एक गोष्ट तुम्ही करू शकता. आशाताई घरी आल्या, तंबाखूचं विचारलं, की आईनं, आजीनं, सासूबाईंनी, स्वतः तुम्ही, मशेरी लावत असाल तर आपणहून सांगा. आरोग्य केंद्रात तोंडाची तपासणी मोफत होते, टॉर्चच्या उजेडात, पाचएक मिनिटांत. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर ती दाखवाच. आणि तंबाखू सोडायची असेल, कुठल्याही रूपातली, तर राष्ट्रीय तंबाखू मुक्ती हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. नंबर लिहून घ्या: 1800-11-2356. पुन्हा सांगते, 1800-11-2356.

नमस्कार.