पान्हा अडतो तेव्हा

(दृश्य: गोव्यातल्या बार्देश तालुक्यातलं घर. बाळंतिणीच्या खोलीत चार पाहुणे.)

तिसऱ्या दिवशी बाळ रडरड करतं आणि कुणीतरी निकाल देऊन टाकतं, ‘हिला दूधच नाही.’ बहुतेक वेळा दूध असतं, फक्त सुटत नसतं.

दूध बनवतं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन). ते बाहेर सोडतं ऑक्सिटोसिन हे दुसरं संप्रेरक. बाळ चोखू लागलं की एक-दोन मिनिटांत दुधाच्या ग्रंथींभोवतीचे बारीक स्नायू आवळले जातात आणि पान्हा फुटतो. टाक्यांची कळ, धास्ती, जाताजाता मारलेले टोमणे यांनी हे ऑक्सिटोसिनच अडतं. नवख्या माणसाला पाहून गाय पान्हा चोरते, तसंच हे.

इथवर बिघाड तात्पुरता असतो. पण दूध आत साचून राहिलं की पुढचं बनणंही मंदावतं. नेमकी याच वेळी घरात बाटली येते. बाळाचं पोट भरतं, चोखणं घटतं, दूध आणखी आटतं. दोष मात्र आईच्या माथी.

खरं तर पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर चीकदूध पुरतं. भरपूर दूध दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरतं. कठीण बाळंतपण किंवा सिझेरियन झालं असेल तर 72 तासांहून उशीर होऊ शकतो. तेव्हा रडण्यावरून नव्हे, लंगोट्यांवरून ठरवा: पाचव्या दिवसापासून 24 तासांत सहा तरी ओल्या हव्यात. त्या भरत नसतील, बाळ सुस्त असेल किंवा जन्माच्या वजनात दहा टक्क्यांहून जास्त घट झाली असेल, तर वाट न पाहता डॉक्टर गाठा.

(दृश्य: पाहुणे बाहेर. सासू सुनेच्या पाठीमागे बसते.)

आई पुढे टेकून बसते. सासू मानेपासून खाली, कण्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यांनी गोल गोल दाबते. दोन-तीन मिनिटं पुरे. मग उघडं बाळ आईच्या उघड्या छातीवर. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी वेळेवर घ्यायची. कळ सोसण्यात कसलंही पुण्य नाही. दिवसाला 8 ते 12 वेळा पाजायचं, रात्रीचंही धरून, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. बाळ ओढत नसेल तर हातानं पिळून वाटी-चमच्यानं पाजा.

‘रागातलं दूध बाधतं’ हे ऐकून पाजणं थांबवू नका. आईच्या ताणाच्या संप्रेरकाचा थोडा अंश दुधात उतरतो, पण पाजणं बंद करावं असं त्यात काही नाही.

आता यापुढची गोष्ट. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयातल्या मातांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या 23 टक्के मातांना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याशी बिनसलेलं नातं आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं, यांनी त्याचा धोका वाढलेला दिसला. सहा महिन्यांनी त्यांच्या बाळांत कमी वजनाचं प्रमाणही जास्त आढळलं. अशा आईला मेथीचे लाडू पुरत नाहीत.

बाळ झोपलं तरी तिला झोप नाही, दोन आठवडे मन उदास आहे, तर बांबोळीची आयपीएचबी ही मानसिक आजारांवर उपचार करणारी सरकारी संस्था आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. अंगावर पाजते आहे हे तिथे सांगा. पाजत असताना चालणारी औषधं मिळतात.