शिदोरीतला भात

नमस्कार, श्रोतेहो. शाळांना सुट्ट्या लागल्या आणि आपल्या इंदुरातल्या मराठी घरांमधून माळ्यावरच्या बॅगा खाली उतरल्या. कोणी पुण्याला माहेरी निघालंय, कोणी कोकणात, कोणी चारधामला, आणि हल्ली बरेच जण लेहलासुद्धा. मी दवाखाना बंद केला त्याला आता काही वर्षं झाली, तरी निघायच्या आदल्या रात्री फोन येतोच, "काकू, बरोबर कुठल्या गोळ्या ठेवू?" मी उलट विचारते, "डब्यात काय नेताय?" पलीकडे जरा वेळ शांतता. गोळ्यांचं विचारलं तर ही बाई डब्यावर कशी गेली!

सांगते. एका मे महिन्यात माझी बहीण मुलाला घेऊन पुण्याहून आली होती. इंदुरात पाहुणा आला की त्याला रात्री सराफ्यात न्यायचं, ही आपली रीतच. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर शेगड्या पेटतात. भुट्ट्याचा कीस झाला, खोबऱ्याचं पॅटिस झालं, तो ताटलीएवढा जलेबा झाला. माझा नऊ वर्षांचा भाचा गराडू मागत होता, पण गराडू थंडीतले, मे महिन्यात कुठून आणायचे? त्याच्या वाटचं सगळं आमच्या ह्यांनी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने आम्ही सगळेच पुण्याला निघालो. सकाळी दहाला मी मोठं पातेलंभर मसालेभात केला आणि गरम गरमच स्टीलच्या डब्यात दाबून भरला, वरून घट्ट झाकण. रतलाम गेलं, रात्री आठला डबा उघडला. भात अजून कोमट होता, आणि त्याचं मला कौतुकच वाटलं. अकराच्या सुमारास, बडोदा जवळ आलं असताना, भाच्याला पहिली उलटी झाली. पाठोपाठ बहीण, मग मी. बहीण म्हणाली, "तरी म्हटलं होतं, सराफ्यात नको!"

सराफ्यात सगळ्यात जास्त खाल्लेले हे मात्र वरच्या बर्थवर घोरत होते. त्यांनी भात घेतला नव्हता, दशमी आणि लोणच्यावर जेवले होते.

तांदळात मातीतून आलेले एक जंतू असतात, बॅसिलस सिरिअस. भात शिजताना जंतू मरतात, पण त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. भात तासन् तास कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. खाल्ल्यापासून अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. आठला जेवण, अकराला उलटी. इतकी वर्षं लोकांना हे सांगणारी मी, आणि माझ्याच डब्यात ते घडलं, कारण "घरचंच तर आहे!" बाहेरच्या खाण्याला आपण घाबरतो आणि घरच्याला हात जोडतो. जंतूंना घर कुणाचं ते कळत नाही. शिजवलेलं ओलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. हवा बत्तीस अंशांच्या वर असेल, म्हणजे आपला मे महिना, तर एकच तास.

आपल्या आज्या हे बीजाणू वगैरे न शिकताच जाणून होत्या. त्यांच्या शिदोरीत भात नसे. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, तिळाची चटणी, गूळ, भाजलेले दाणे. कोरडं टिकतं, ओलं नासतं. आपण त्यात लसूण-शेव आणि चिवडा घालू, इंदूरकरांना त्याशिवाय प्रवास झाल्यासारखा वाटत नाही.

त्या रात्री आम्हाला तारलं ते पर्समधल्या ओआरएसच्या, म्हणजे पाण्यात कालवायच्या मीठ-साखरेच्या, पाकिटाने. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपायला आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्याच हाती दिलं. शंभरात तीसपर्यंत माणसं दगावत होती, ते प्रमाण चारच्या खाली आलं. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. साखरेच्या सोबतीनेच आतडं मीठ आणि पाणी आत ओढतं, एवढं साधं त्यामागचं तत्त्व.

पण पाकीट नीट वापरा. एक लिटरचं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच घालायचं. अर्धं पाकीट पेल्यात टाकून ढवळणारे मी पुष्कळ पाहिलेत; दाट पाण्याने जुलाब वाढतात. केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्या. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग मिनिटा-दोन मिनिटांनी एकेक चमचा. भाच्याला मी असं पहाटेपर्यंत पाजलं. तो पेला मागत होता. पेला दिला असता तर सगळं बाहेर आलं असतं. फळांच्या चवीची डब्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, त्यांच्या नावात ती अक्षरं वापरायला २०२५ साली सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली आहे. आणि मूल सहा-आठ तास लघवीला गेलं नाही, सुस्त पडलं, शौचात रक्त दिसलं, तर चमचा बाजूला ठेवून सरळ डॉक्टरकडे. जुलाब थांबवायची गोळी मुलांना आपल्या मनाने देऊ नका.

बाहेर खायचं तर खा. कढईतून किंवा तव्यावरून समोर उतरलेलं, वाफाळतं. भीती असते ती पातेल्यातल्या पातळ चटणीची, कापून ठेवलेल्या फळांची आणि कुठल्या पाण्याचा ते माहीत नसलेल्या बर्फाची. सॅनिटायझरच्या बाटलीवर विसंबू नका, उलट्या-जुलाबांचे काही विषाणू त्याला दाद देत नाहीत. साबणाने वीस सेकंद हात धुवा.

रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या बर्थखालच्या बॅगेत नको, पर्समध्ये. इन्सुलिन विमानात सामानाबरोबर पाठवू नका आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. लेहला जाणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवा: आपलं इंदूर साधारण साडेपाचशे मीटरवर, लेह साडेतीन हजारांवर. पोचल्यावर पहिले दोन दिवस आराम, फिरणं नंतर. डोकं ठणकलं, मळमळलं तर आणखी वर चढू नका. आणि बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जायला लागला तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

तो भाचा आता कॉलेजात आहे. गेल्या आठवड्यात त्याचा फोन होता, "मावशी, यंदा सगळे मिळून कोकणात जाऊ. तुझ्या दशम्या हव्यात. भाताचं मी तिकडे बघतो."