चार ट्यूब, एक लिम्फोमा आणि मोजणी कुणाची?

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर मलमांच्या चार पिळलेल्या ट्यूब.]

ह्या चार ट्यूब माझ्या मामेबहिणीच्या कपाटातल्या. तिला विचारून आणल्यात. पहिली गजकर्णाची. दुसरी पण गजकर्णाचीच, फक्त कंपनी वेगळी. तिसरी 'थ्री-इन-वन', मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळालेली. तिच्यात स्टेरॉइड आहे, पण ते कळायला भिंग घेऊन वाचावं लागतं. चौथी कोडावरची, मामीच्या भिशीतल्या कुणीतरी सुचवलेली. ह्या चार ट्यूबमध्ये चार वर्षं गेली. आणि तिला गजकर्णही नव्हतं, कोडही नव्हतं. तिला त्वचेचा लिम्फोमा होता. म्हणजे कॅन्सर.

घाबरू नका, ती मजेत आहे. त्यावर येतेच.

मी डॉक्टर नाही, हे नेहमीचं पालुपद. पुण्यात कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. त्यामुळे औषधं विचारू नका. हा आजार कुणाला होतो, किती जणांना होतो आणि ते मोजायचं कसं, एवढंच आज बोलू.

[स्क्रीनवर: मायकोसिस फंगॉइड्स]

तिच्या आजाराचं हे नाव. नावापासूनच घोळ आहे. 'मायकोसिस' म्हणजे बुरशीचा आजार, 'फंगॉइड्स' म्हणजे बुरशीसारखा. आणि बुरशीशी याचा काडीचाही संबंध नाही! पॅरिसच्या साँ-लुई हॉस्पिटलातल्या ज्याँ-लुई अलिबेर नावाच्या डॉक्टरांनी 1806 मध्ये एका रुग्णाचं वर्णन केलं. त्याच्या अंगावरच्या गाठी अळंब्यांसारख्या दिसत होत्या. पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर कुत्र्याच्या छत्र्या उगवतात ना, तशा. दोनशे वर्षं झाली, नाव काही बदललं नाही.

होतं असं, की टी-पेशी नावाच्या आपल्या पांढऱ्या पेशी बिघडतात. एरवीच्या लिम्फोमात मानेत, काखेत गाठी येतात. इथे ह्या पेशी कातडीतच मुक्काम ठोकतात. आधी सपाट डाग, मग जाडसर चट्टे, मग गाठी, ह्या तीन पायऱ्या बाझँ ह्या फ्रेंच डॉक्टरांनी 1870 मध्ये सांगितल्या. पण सगळे ह्या पायऱ्या चढत नाहीत. पुष्कळ जण पहिल्या पायरीवरच आयुष्य काढतात. आजार अगदी सुरुवातीच्या टप्प्यात असेल, तर आयुर्मान इतरांइतकंच असतं. आणि तो संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवा, एक टॉवेल वापरा, कुणालाही लागणार नाही.

आता आकडे.

अमेरिकेत कॅन्सर नोंदणीतला 1973 ते 2002 हा तीस वर्षांचा डेटा तपासला गेला. त्वचेचे टी-पेशींचे सगळे लिम्फोमा धरून, ज्यात सगळ्यात मोठा वाटा आपल्या ह्या आजाराचा, दर वर्षी 10 लाख लोकांमागे 6.4 नवे रुग्ण. पुरुषांत 8.7, बायकांत 4.6. कृष्णवर्णीयांत 9.0, गोऱ्यांत 6.1. आणि वय? पाश्चात्त्य पुस्तकांतला ठरावीक रुग्ण पंचावन्न-साठीचा असतो.

माझी बहीण 31 वर्षांची. कर्वेनगरला राहते.

थांबा, तिच्याकडे परत येते. आधी ह्याच अभ्यासातली एक गंमत, जी मी वर्गात दर वर्षी सांगते. त्या तीस वर्षांत हा दर वाढत गेला. आणि जास्त कुठे दिसला? जिथे डॉक्टर जास्त, उत्पन्न जास्त, घरांच्या किमती जास्त, पदवीधर जास्त, तिथे.

आता पैशामुळे लिम्फोमा होतो का? महागड्या फ्लॅटच्या भिंतीतून येतो का? सरळ अर्थ असा, की जिथे बघणारे डोळे जास्त, तिथे आजार जास्त सापडतो. नोंदणीतला आकडा म्हणजे आजार गुणिले शोध. शोध शून्य असेल, तर आजार कितीही असो, उत्तर शून्यच येणार. वाढलेल्या दरात खरी वाढ किती आणि नुसती नजर तयार झाल्यामुळे किती, हे वेगळं काढणं हे एपिडेमिऑलॉजीतलं, म्हणजे आजार कुणाला आणि किती होतो ते मोजण्याच्या शास्त्रातलं, खरं कष्टाचं काम.

[फळ्याकडे]

जरा गणित करू. 2011 च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून नागरी समूहाची लोकसंख्या साधारण 50 लाख. अमेरिकेचा दर जसाच्या तसा लावला तर 5 गुणिले 6.4, म्हणजे वर्षाला 32 माणसं. हा पुण्याचा आकडा नाही, कृपा करून व्हॉट्सॅपवर फिरवू नका! दर दुसऱ्या देशातला, शिवाय आपली लोकसंख्या जास्त तरुण. पण अंदाज यावा म्हणून सांगते: वर्षाला बत्तीस म्हणजे एक पीएमपी बसही भरत नाही. खडकवासल्याच्या बसमध्ये रविवारी ह्याहून जास्त लोक उभे असतात.

अर्थात हे बत्तीस नवे. हा आजार वर्षानुवर्षं सोबत राहतो, माणसं नीट जगतात, त्यामुळे आजार घेऊन वावरणारे बत्तीसच्या कितीतरी पट. बातम्यांमध्ये नवे रुग्ण आणि एकूण रुग्ण यांची सर्रास खिचडी होते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मग आपल्याकडे मोजतं कोण? भारतातली पहिली लोकसंख्येवर आधारित, म्हणजे एका भागातल्या सगळ्या रहिवाशांतले कॅन्सर मोजणारी, नोंदणी 1963 मध्ये मुंबईत सुरू झाली, इंडियन कॅन्सर सोसायटीची. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम 1981 च्या अखेरीस आला. ग्रामीण भागातली देशातली पहिली नोंदणी 1987 मध्ये आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची, आणि ह्याचा मला उगीचच अभिमान आहे. पुण्याचीही नोंदणी त्या राष्ट्रीय जाळ्यात आहे. नोंदणीची माणसं हॉस्पिटलं आणि पॅथॉलॉजी लॅबमधून नोंदी गोळा करतात. पण नोंद व्हायला आधी कुणीतरी त्या डागाचा तुकडा काढून बायोप्सीला पाठवायला हवा. जो डाग ट्यूबखालीच राहिला, तो कुठल्या तक्त्यात येणार?

आता बहिणीचा डाग. तो लाल नव्हताच. पुस्तकांत गोऱ्या कातडीवरचे लालसर, खवलेदार चट्टे छापलेले असतात. सावळ्या कातडीवर हाच आजार पुष्कळदा फिकट डाग होऊन येतो. त्याला हायपोपिगमेंटेड प्रकार म्हणतात. तो गोऱ्यांत क्वचित दिसतो, भारतीय आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत जास्त, तरुणांत आणि लहान मुलांतही. आणि हा प्रकार बहुधा सौम्य वागतो.

मराठी घरात फिकट डाग दिसला की काय होतं, सांगा बरं? पोराच्या गालावर असेल तर "जंत झालेत". पाठीवर असेल तर "शिबं आहेत, घामाने येतात". आणि लग्नाच्या मुलीच्या मांडीवर असेल, तर कुणी काहीच बोलत नाही. मामी दार लावून बोलायची. कोड हा शब्द स्थळांच्या कानावर गेला तर, ही एकच धास्ती. शिवाय हे डाग सहसा ऊन न लागणाऱ्या जागी येतात: कंबर, मांड्या, छाती. म्हणजे नेमके झाकता येणारे. लपवायला सोपे, दाखवायला अवघड.

डॉक्टरांनाही काही कमी त्रास नाही. जगातले निम्म्याहून जास्त नवे कुष्ठरुग्ण भारतात सापडतात, त्यामुळे फिकट डाग म्हटलं की कुष्ठरोग आहे का हे आधी बघावंच लागतं, आणि ते बरोबरच आहे. कुष्ठरोगाच्या डागावर बऱ्याचदा बधिरपणा असतो. कोड दुधासारखं पांढरंशुभ्र होतं. हा डाग ह्या दोन्हींत बसत नाही: फिकट, कधी किंचित खवल्यांचा, स्पर्श नीट कळणारा. पण घरी आरशासमोर उभं राहून निदान करू नका. फिकट डाग शंभर कारणांनी येतात आणि लिम्फोमा त्या रांगेत फार मागे उभा असतो. डाग महिनोन्महिने हलत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि कुठलं मलम किती दिवस लावलं ते न लाजता सांगा.

कारण बहिणीची पहिली बायोप्सी नुसतं 'डर्मटायटिस', म्हणजे त्वचेचा दाह, म्हणाली. स्टेरॉइडच्या ट्यूबने पेशींचं चित्र पुसट केलं होतं. मलम काही आठवडे बंद ठेवून दुसरी केली, तेव्हा निदान झालं. तिचं दुर्दैव म्हणावं, तर तेही नाही. पहिल्या डागापासून निदानापर्यंत तीन-चार वर्षं जाणं हे ह्या आजारात जगभर चालतं, चांगल्या हॉस्पिटलांतसुद्धा.

आता ती आठवड्यातून तीनदा अतिनील किरणांच्या कपाटात उभी राहते. 'माझं टॅनिंग सलून' म्हणते. डाग भरून येतायत.

आणि नोंदणीचं? रहिवासाचा नियम असा, की निदानाच्या वेळी माणूस त्या शहरात किमान एक वर्ष राहिलेला हवा. लग्न होऊन साताऱ्याहून कर्वेनगरला येऊन तिला तेव्हा आठच महिने झाले होते. घर कर्वेनगरचं, बायोप्सी पुण्यातली, पण पुण्याच्या त्या वर्षीच्या आकड्यात ती नाही.

[ट्यूब उचलून पिशवीत टाकते.]

ह्या परत द्यायच्यात. चौथी अर्धी शिल्लक आहे म्हणे, मामीला हवीये.