लेटर नाही आलं, बाबू

नमस्कार श्रोतेहो.

परवा रात्री नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आई नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. नातू अमेरिकेत शिकतो. बोलणं संपवताना तो घाईत म्हणाला, "ओके आजी, लेटर!" आणि फोन कट. आई माझ्याकडे वळली. "कोणतं लेटर पाठवलं रे त्यानं? इथं तं काहीच नाही आलं!"

आता तिला काय सांगू? त्याचं लेटर म्हणजे 'नंतर भेटू'. मूळ 'सी यू लेटर'. त्यातला भेटणारा आणि भेटायचा दोघेही गळाले, उरलं नुसतं 'नंतर'. बरं, त्या 'नंतर'चा भरवसा धरून चहा टाकून बसू नका. तिकडे दुकानातला अनोळखी माणूसही तुम्हाला 'सी यू लेटर' म्हणतो.

इंग्रजीला शब्द झिजवायची खोडच आहे. 'गुडबाय' हा सोळाव्या शतकातल्या 'गॉड बी विथ यी'चा, म्हणजे 'देव तुमच्यासोबत असो'चा, चोळामोळा. त्यातला देव कधी घासून गेला, कोणाला कळलंच नाही. आपल्या 'राम राम'मध्ये राम अजून पूर्ण शाबूत आहे, तोही दोनदा! निरोप घेताना आपण फॅशनेबल समजून म्हणतो ती 'चाव' तर इटलीतल्या व्हेनिसची. मूळ अर्थ, 'मी तुमचा दास'. सीताबर्डीवर गॉगल लावून 'चाव' म्हणणाऱ्या पोराला हे सांगून पाहा एकदा.

काही निरोप नुसत्या यमकाच्या मजेसाठी. 'सी यू लेटर, अ‍ॅलिगेटर'. त्यावर उत्तर, 'इन अ व्हाइल, क्रोकोडाइल'. 1956 मध्ये बिल हेलीच्या रॉक अँड रोल गाण्यामुळे हे घरोघरी पोचलं. अर्थ शोधू नका. मगरीचा आणि निरोपाचा काही संबंध नाही.

आणि आपला टाटा? वर्धा रोडवर ट्रकच्या मागे 'टाटा' दिसतं, तो निरोप की कंपनीचं नाव, हा प्रश्न मला लहानपणी खरोखर पडायचा. शब्द मात्र इंग्रजांच्या बाळबोलीतला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसी रेडिओच्या एका विनोदी कार्यक्रमात मिसेस मॉप नावाची झाडपूस करणारी बाई जाताना म्हणायची, 'टी टी एफ एन', म्हणजे 'टाटा फॉर नाऊ'. मोबाइलवर आद्याक्षरं टाइप करणाऱ्या आजच्या पोरांच्या कितीतरी आधी!

न सांगता सटकण्यालाही नाव आहे, 'फ्रेंच लीव्ह'. गंमत म्हणजे फ्रेंच लोक त्यालाच 'इंग्रजी पद्धतीनं पळणं' म्हणतात. अमेरिकेत तोच आळ आयरिश लोकांवर.

आमच्या नागपुरात असं सटकणं जमायचं नाही. पाहुणा 'येतो' म्हणून उठतो, चपला घालतो, मग फाटकाशी अर्धा तास उभा. गाडीला किक मारल्यावर आतून आवाज येतो, "मंग पोचल्यावर फोन करजो हं! आन् संत्री घेतली का?" 'गॉटा बाउन्स', म्हणजे 'निघायलाच हवं', म्हणत टुणकन उडून जायची सोयच नाही.

आईला मी सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं. काल पुन्हा फोन आला. शेवटी नातू म्हणाला, "लेटर, आजी!"

आई म्हणाली, "हो रे बाबू. पण पत्ता नीट लिहजो."

बरंय श्रोतेहो, स्टुडिओतल्या घड्याळानं डोळे वटारलेत. येतो मी.