हिरवा केस

(अंधारी खोली. टेबलावर मांजरीचं पिल्लू, जांभळा दिवा.)

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला थोडा वेळ लागतो. डॉक्टर घाई करत नाहीत. दिवा कानामागे येतो... हे बघा. कच्च्या सफरचंदासारखा हिरवा. चमकते आहे ती कातडी नव्हे, केसाची दांडी. शेजारचे निळसर ठिपके धुळीचे, ते सोडून द्यायचे.

हा वूडचा दिवा. त्याची खास काच अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी १९०३ साली बनवली. केसांतली बुरशी ओळखायला तिचा उपयोग सुरू झाला तो १९२५ मध्ये. बुरशीचं नाव मायक्रोस्पोरम कॅनिस. तिच्यामुळे होणाऱ्या रोगाला आपण म्हणतो गजकर्ण.

(नवा टूथब्रश, तीन मांजरी.)

हिरवा रंग प्रत्येक वेळी दिसतोच असं नाही, म्हणून दिव्यावर थांबत नाहीत. कोरा ब्रश पाठीवरून, पंज्यांवरून, शेपटीवरून फिरतो. घरातल्या तिन्ही मांजरींवरून, प्रत्येकीला वेगळा. कारण अंगावर एकही चट्टा नसलेली मांजरही केसांत बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचे सूक्ष्म बी, बाळगून असू शकते.

(प्लेट. दिवसागणिक बदलणारा रंग.)

ब्रशचे दाते बुरशी वाढवून बघायच्या प्लेटवर टेकवले. काही दिवसांनी कापसासारखी पांढरी वाढ दिसू लागते आणि तिच्याबरोबरच भोवतीचं पिवळं माध्यम लाल होतं. त्यातला कण निळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की सूत कातायच्या चातीसारखे, दोन्हीकडे निमुळते बीजाणू दिसतात. आता शंका उरली नाही.

(घरातल्या आईचं मनगट, त्यावर चट्टा.)

माणसाला लागण होते ती अशी, गोल आणि खाजरी. मुलांच्या डोक्यातही होते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा; दुकानातून स्टेरॉईड मिसळलेली ट्यूब आणून चोळू नका.

(आंघोळ. फेस.)

आठवड्यातून दोनदा बुरशीनाशक शाम्पू, फेस दहा मिनिटं अंगावर. पोटातून इट्राकोनाझोल हे बुरशीनाशक औषध, एक आठवडा द्यायचं, एक आठवडा थांबायचं. घरात पडलेल्या केसांतले बीजाणू वर्षभरही तग धरतात, म्हणून गाद्या, पडदे, सोफ्याच्या फटी रोज झाडून-पुसून घ्यायच्या. कष्ट आहेत, काही आठवड्यांचे आहेत. याच आठवड्यांत कितीतरी मांजरी पिशवीत घालून मासळी बाजारात सोडल्या जातात. बऱ्या होणाऱ्या मांजरी.

(पुन्हा अंधारी खोली.)

तेच पिल्लू. तोच कान. दिवा सावकाश फिरतो, पंज्यांपर्यंत जातो, परत येतो. हिरवं काही नाही. प्लेटही कोरी आली आहे, लागोपाठ दुसऱ्यांदा.

खिडकी उघडा.