खरखर वेगळी, जडपणा वेगळा

(पडदा काळा. फक्त आवाज: सलग सूर, मध्येच करकर, क्षणभर काहीच नाही, पुन्हा सूर.)

हा १ किलोहर्ट्झचा सूर आहे. येतोय तो अखंड, तुटतोय फेडरमध्ये, म्हणजे आवाज मिसळण्याच्या कन्सोलवरच्या, पातळी कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणात. बोट सावकाश वर सरकतंय. तळाशी सगळं ठीक. शून्य डेसिबलच्या खुणेपाशी आलं, की करकर. साहजिक आहे. काम चालू असताना फेडर बहुतेक वेळ त्याच दोन-तीन सेंटिमीटरमध्ये वरखाली होत असतो, झीज आणि घाण तिथेच साचते.

(कन्सोलवरून सावकाश फिरणारा कॅमेरा. २४ फेडर. फटींतली धूळ.)

धूळ आत जायला वरून २४ फटी उघड्या आहेत. पूर्वी अशा फटी नव्हत्या. पातळी कमी-जास्त करायला गोल बटणं असायची, एका हाताने फार तर दोन फिरवता यायची. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अटलांटिक रेकॉर्ड्स या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीत काम करणाऱ्या ध्वनिमुद्रक टॉम डाउड यांना सरळ सरकणारे फेडर वापरात आणल्याचं श्रेय दिलं जातं. आता एकेका बोटाखाली एकेक चॅनल घेता येतो, पेटीवर बोटं ठेवावीत तसा. फक्त सरळ सरकायचं म्हणजे फट आली, आणि फट आली की धूळ आलीच.

(टेबल. सुटा केलेला एक फेडर.)

कन्सोल बंद आहे, वीजपुरवठा काढलेला आहे. वरची टोपी सरळ वर ओढून निघते. स्क्रूड्रायव्हरने तिरकी उचकटली तर दांडी वाकते. या फेडरचं पत्र्याचं कवच चार छोट्या कानांवर, म्हणजे पत्र्याच्याच दुमडलेल्या जिभांवर, बसलंय. कान लागतील तेवढेच उचलायचे. पत्रा दोन-तीनदा वाकवला की तुटतो. काही फेडर उघडण्यासाठी बनवलेलेच नसतात, त्यांच्याशी झटापट नको.

(अगदी जवळून: काळी पट्टी, त्यावर वायपर.)

हे बघण्यासाठीच एवढा खटाटोप. ही काळी पट्टी म्हणजे ट्रॅक. लांबी १०० मिलिमीटर. तिच्यावर टेकलेली केसासारखी बारीक धातूची बोटं, हा वायपर. सगळा आवाज या बोटांच्या टोकांतून जातो. धुळीचा एक कण आडवा आला, बोट निमिषभर उचललं गेलं, की आपल्याला 'कर्र' ऐकू येतं.

आणि ट्रॅकच्या बाजूला या दोन दांड्या. हे रूळ. यांच्यावरून फेडर सरकतो. त्यांना कारखान्यात जरा चिकटसर ग्रीस लावलेलं असतं, म्हणून चांगला फेडर बोटाखाली लोण्यासारखा चालतो. तेच ग्रीस धूळ खाऊन असं गोंदासारखं होतं.

म्हणजे दुखणी दोन आहेत. खरखर ट्रॅकची, जडपणा रुळांचा. ट्रॅकला हवी सफाई, रुळांना हवं वंगण. आणि आपण काय करतो? वरच्या फटीतून एकच स्प्रे मारतो. फेडर चार दिवस गप्प बसतो, सगळे खूश. त्या स्प्रेने रुळांवरचं ग्रीस धुऊन ट्रॅकवर नेलेलं असतं, वरची धूळ आत ढकललेली असते. घरातल्या बिजागऱ्यांना मारतो तो स्प्रे तर इथे नकोच.

(काडीवरच्या कापसाचा बड ट्रॅकवरून फिरतोय. निवेदन थोडं थांबून.)

आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्के. बड ओलसर हवा, थेंब गळता कामा नये. ट्रॅकवर जोर लावायचा नाही.

पहिला बड.

दुसरा.

तिसरा.

वायपरच्या बोटांवर बड फिरवायचा तो त्यांच्या लांबीच्या दिशेने. आडवा फिरवला, तर कापसाचा धागा अडकतो आणि बोट वाकतं. मग तो फेडर गेलाच म्हणायचा. जुन्या कन्सोलला त्याच मापाचा दुसरा मिळेलच असं नाही.

(रूळ. काडीच्या टोकावर ग्रीस.)

रुळांवरचं जुनं ग्रीस पूर्ण पुसलेलं आहे. नवं, मऊ, प्लास्टिकला न खाणारं ग्रीस एवढंसंच, काडीच्या टोकावर मावेल तेवढं. फेडर दहा-बारा वेळा पूर्ण वरखाली, आणि कडेला जमलेलं पुसून घ्यायचं. जास्त लावण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. जास्तीचं ग्रीस ट्रॅकवर उतरतं आणि धुळीला आमंत्रण देतं. ट्रॅकसाठी फेडरचं वेगळं वंगण मिळतं, त्याचा नुसता ओलावा पुरे.

सगळं स्वच्छ करूनही खरखर उरली, तर फेडरला दोष देऊ नका. फेडरच्या आधीच्या सर्किटमधला, डीसी म्हणजे एकदिश वीज अडवणारा एखादा कपॅसिटर ती नीट अडवत नसेल, म्हणजे 'गळत' असेल, तर डीसी व्होल्टेज फेडरपर्यंत येतं आणि नवा फेडरही करकरतो. ते काम सोल्डरिंगचं.

(कान बंद. फेडर जागेवर, टोपी वर. तोच सूर.)

बोट पुन्हा तळापासून निघालंय.

(पुढे निवेदन नाही. फेडर शून्याची खूण ओलांडून वर टोकापर्यंत जाईस्तोवर सूर ऐकू द्यावा. कॅमेरा शेजारच्या फेडरवर.)