कपड्यांचं पानिपत

(दृश्य : लाल कपड्यांचा ढीग, कॅमेरा खालून वर)

हा डोंगर लाल आहे. जरा जवळ जाऊ. कुंकवाचा लाल, विटेचा लाल, डाळिंबाचा लाल, धुऊन धुऊन गुलाबीकडे झुकलेला लाल. स्वेटर आहेत, मफलर आहेत, एक लांब ओव्हरकोट आहे, कुणा लहान मुलाची कानटोपी आहे. मागे निळ्याचा डोंगर, आणि पत्र्याच्या भिंतीला टेकून काळ्याचा. युरोप-अमेरिकेच्या थंडीत वापरून झालेले हे कपडे. बोटीने गुजरातेत कांडल्याला उतरतात, आणि तिथून ट्रकने येतात पानिपतात, फाडून पुन्हा सूत व्हायला.

पानिपत म्हटलं की आपल्या पोटात कालवतं. १४ जानेवारी १७६१ हा दिवस मराठीत इतका खोल रुतलाय, की धंदा बुडाला काय किंवा निवडणूक हरली काय, आपण एकच म्हणतो : पानिपत झालं. काला आंबच्या स्मारकापाशी आम्हीही गेलो, हात जोडले. पण ही गोष्ट तिथली नाही. दिल्लीपासून नव्वदेक किलोमीटरवरच्या या शहरात आज पानिपत होतं ते कपड्यांचं.

(दृश्य : कोट उलगडून धरलेले हात, फाटलेली पाठ)

हा कोट बघा. लोकर उत्तम, रंग शाबूत, आणि पाठीवर आरपार तीन चिरा. जुना झाला म्हणून तो फाटलेला नाही, मुद्दाम फाडलाय. चिंध्या म्हणून माल आणायचा तर तो अंगात घालण्याजोगा उरता कामा नये, असा आयातीचा नियम आहे. घालता आला तर बाजारात विकला जाईल आणि इथल्या कापडधंद्याच्या पोटावर पाय येईल. म्हणून आधी चिरायचा, मग आणायचा.

आता या बाईंच्या समोरचं पातं बघा. आपल्या विळीची थोरली बहीणच. बैठक मारून, पाट पायाखाली दाबून त्या कोट पात्यावर ओढतात. बटणं पत्र्याच्या डब्यात. खण्, खण्. चेन कापून बाजूला. कॉलरमागचं लेबल, खिशातलं लेबल, शिवणीतलं धुण्याच्या सूचनांचं लेबल. अस्तर पॉलिएस्टरचं, ते लोकरीबरोबर चालत नाही, ते टराटरा फाडायचं. खांद्यांतल्या गाद्या उपटायच्या. आणि छातीपाशी त्या थांबतात. कोटाला ताठपणा यावा म्हणून आत एक कापड गरम इस्त्रीने चिकटवलेलं असतं. ते सुटत नाही. नखाने नाही, पात्याने नाही. मग तो सबंध तुकडा कापून कचऱ्यात. कोटातली सगळ्यात चांगली लोकर नेमकी तिथे असते.

आमचं म्हणणं आहे ते इथे. हा तुकडा पानिपतात वाया गेला नाही. ज्या दिवशी हजारो मैलांवर कुणीतरी कागदावर कोट रेखाटला आणि ‘इथे चिकटवा’ असं लिहिलं, त्याच दिवशी तो वाया गेला. स्वेटरमध्ये थोडं इलॅस्टिक सूत घातलं की अंगाला छान बसतो. इथे यंत्रात ते तुटत नाही, नुसतं ताणतं आणि काट्यांना गुंडाळतं. नव्याचे नऊ दिवस धरून आखलेल्या कपड्याचा दहावा दिवस या बाईंच्या पुढ्यात येतो.

(दृश्य : काटेरी ढोल, लाल तंतूंचा उडता ढग)

हे फाडायचं यंत्र. ढोलावर लोखंडी काटे. एका तोंडाने लाल चिंध्या आत, दुसऱ्या तोंडाने लाल लोकर बाहेर, पिंजाऱ्याच्या दुकानात उडावी तशी. आता कळेल सुरुवातीचा तो डोंगर नुसता लाल का होता ते. रंग आधीच निवडून ठेवले की सूत रंगवावं लागत नाही. रंगाची कढई नाही, रसायन नाही, रंग धुवायचं पाणी नाही. इथली अख्खी करामत निवडणाऱ्या डोळ्यांत आहे.

या लोकरीला म्हणतात शॉडी. इंग्लंडात यॉर्कशरमधल्या बॅटली गावी १८१३ साली बेंजामिन लॉ याने जुन्या चिंध्यांपासून सूत काढलं, असं श्रेय त्याला देतात. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धात असल्या कापडाचे गणवेश सैनिकांच्या अंगावर विरले आणि इंग्रजीत शॉडी म्हणजे निकृष्ट, असा अर्थ रूढ झाला. शब्द बदनाम झाला, काम चांगलंच होतं. पानिपतात विणकरीचा हात होताच. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विणकरांनी तो पक्का केला.

पिंजलेल्या लोकरीचे पेळू, पेळूंचं सूत. फाडताना तंतू आखूड होतात, म्हणून सूत जाड येतं आणि बळासाठी थोडा कृत्रिम धागा मिसळावा लागतो. मागावर कापड उतरलं की तारेच्या ब्रशांखालून जातं, लव उभी राहते, आणि बघता बघता ब्लँकेट होतं. ते करडं, काहीसं खरखरीत ब्लँकेट तुम्ही पाहिलेलं आहे. भूकंपानंतर, पुरानंतर, निर्वासितांच्या छावणीत. उरल्यासुरल्या सगळ्या रंगांची सरमिसळ म्हणजे तो करडा.

अलीकडे स्वस्त, मऊ पॉलिएस्टर ब्लँकेटांनी हा बाजार खाल्ला आणि बऱ्याच गिरण्या बंद पडल्या. तंतूंची धूळ छातीत जाते, मजुरी तुटपुंजी आहे.

(दृश्य : खड्ड्यातला माग, काळी घोंगडी)

आता थोडं आपल्या बाजूला येऊ. ही दख्खनी मेंढीची लोकर. काळी ती जन्माचीच काळी. सूत हाताने कातलेलं, वर चिंचोक्याची खळ. विणकर माग सोडून उठतो तेव्हा घोंगडी तयार असते. कातरी लागत नाही, शिंपी लागत नाही. शिलाईच्या कारखान्यात शंभर मीटर कापडामागे दहा-पंधरा मीटर जमिनीवर पडतं. इथे आम्ही मागाखाली कॅमेरा लावून बसलो. दोन-चार धागे पडले, तेही म्हाताऱ्याने उचलून कनवटीला लावले.

युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून जुने कपडे वेगळे गोळा करणं बंधनकारक झालंय. म्हणजे पानिपतात येणारे गठ्ठे वाढणार.

(दृश्य : पानिपत, संध्याकाळ, पातं)

बटणांचा डबा भरत आलाय. बाई पुढचा कोट ओढतात. आत शिवलेलं पांढरं लेबल आधी कापतात. त्यावर सुवाच्य अक्षरात सूचना आहे : फक्त ड्राय क्लीन करा.